डोंगरावरचा खाऊ

मी एका मेलेल्या मुलाचा खाऊ खाल्ला आहे.

न्यूझीलंडमधल्या लोअर हटहून आम्ही तिघं जपानला फिरायला गेलो होतो. जुन्या किल्ल्याचं एक गाव, आणि गावाच्या डोक्यावर डोंगर. वरून सगळं गाव दिसतं म्हणे! मी जँडल्स, म्हणजे आपल्या रबरी चपला, घालूनच निघालो. (सह्याद्री पालथा घातलेल्या माणसाला कसले बूट!) अर्ध्या वाटेत असं धुकं उतरलं, की गाव, किल्ला, स्वतःच्या जँडल्स, काही म्हणजे काही दिसेना.

तेवढ्यात वाटेकडेला दगडाचे बुटके देव दिसले. एका रांगेत. गळ्यात लाल लाळेरी, डोक्यावर विणलेल्या टोप्या. वाऱ्याचं नाव नव्हतं, तरी तिथलं एक भिरभिरं सावकाश फिरत होतं. एका देवापुढे पानावर लाडूसारखं काहीतरी होतं. मी जँडल्स काढल्या, नमस्कार केला आणि प्रसाद तोंडात टाकला.

"बाबा, नो!" इरा किंचाळली. आमची लेक, मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्रजीत. तिनं फोन तिथल्या पाटीवर धरला होता. "इट्स फॉर डेड किड्स!"

"थुंक आधी!" माझी बायको, अश्विनी, ओरडली.

"अगं, देवासमोर थुंकू?"

"मग गीळ!"

गिळला. तोच मागून काठी वाजली. टक्... टक्... टक्...

धुक्यातून एक म्हातारी आली. हातात डबा. तिनं रिकाम्या पानाकडे पाहिलं, मग माझ्या मिशीकडे. मिशीला पीठ! ती काहीतरी पुटपुटली आणि इराचा फोन थंडपणे मराठीत बोलला, "माझ्या मुलासाठी ठेवते. चाळीस वर्षं झाली. कधीच कुणी खाल्ला नाही."

अंगावर सर्रकन काटा आला. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

म्हातारी जवळ सरकली. फोन म्हणाला, "गोड झालाय का?"

भीतीनं चव कुठली कळायला! पण तिचे डोळे भरले होते. "फार छान," मी म्हणालो.

तिनं डोळे पुसत डबा उघडला. आत आणखी पाच! पहिलाच चावला आणि कळलं, बाई साखर घालायलाच विसरली होती. पाचही संपवले, दरवेळी "वा!" म्हणत.

उतरताना अश्विनी म्हणाली, "भात जरा मऊ झाला की ताट सरकवणारा तो हाच का रे?"

परवा आमटीत मीठच नव्हतं. मी "वा!" म्हणून दोनदा वाढून घेतली.