ऐकण्याचा पेपर

दहावीला असताना आमच्या इंग्रजीच्या बाईंनी एकदा मधल्या सुट्टीत आम्हा दोघींना थांबवून घेतलं. एक मी आणि दुसरी माझ्या शेजारी बसणारी मैत्रीण. ती पेठ तालुक्यातल्या एका पाड्यावरून शिकायला आली होती आणि नाशकात मामांकडे राहायची. बाईंनी सांगितलं, पुण्यातली एक संस्था मराठी शाळांतली मुलं निवडते. अकरावी-बारावी तिथंच राहून करायची, सगळं इंग्रजीतून. बोर्डाची परीक्षा झाली की त्यांची परीक्षा, फक्त इंग्रजीची. अर्धा पेपर वाचनाचा, अर्धा ऐकण्याचा.

"वाचनाचं मला टेन्शन नाही," बाई म्हणाल्या. "ऐकायची सवय करा. तिथं रेकॉर्डिंग लावतात. दोनदा ऐकवतात आणि मग प्रश्न."

मला तर ऐकण्याचंही टेन्शन नव्हतं. बाई वर्गात उतारा वाचून दाखवायच्या आणि आम्ही उत्तरं लिहायचो, त्यात माझं कधी काही चुकलं नव्हतं. पहिल्या बाकावर, बाईंच्या अगदी समोर माझी जागा. कोणी मागे बसायला सांगितलं तर मी हट्टानं पुढे यायचे. सगळे मला अभ्यासू समजायचे आणि मीही स्वतःला तशीच समजायचे.

बाईंनी कुठून कुठून रेकॉर्डिंग मिळवून मैत्रिणीच्या मोबाईलवर घालून दिली. मोबाईल मामांचा जुना होता, काच कोपऱ्यात तडकलेली. मामांचं घर लहान आणि माणसं फार, म्हणून शाळा सुटली की ती माझ्याबरोबर आमच्याकडे इंदिरानगरला यायची. आई आम्हाला पोहे नाहीतर शिरा द्यायची, की आम्ही गच्चीवर जायचो. पाण्याच्या टाकीच्या सावलीत सतरंजी टाकून मध्ये मोबाईल ठेवायचा आणि ऐकायचं.

मोबाईलमधला माणूस बोलू लागला की मला काहीच पकडता यायचं नाही. एखादा शब्द ओळखीचा वाटायचा, बाकी सगळी पुटपुट. मला वाटायचं, परदेशी माणसं अशीच बोलत असणार. तयारी म्हणतात ती हीच असणार, हळूहळू समजू लागेल. मैत्रीण मात्र पहिल्याच आठवड्यात उत्तरं देऊ लागली. तिचं वाचन माझ्याइतकं नव्हतं, शब्द अडायचे, पण ऐकलेलं तिला नीट समजायचं.

"तुला कसं गं समजतं?" मी विचारलं.

"ऐकते ना मी," ती म्हणाली. तिला माझा प्रश्नच कळला नव्हता.

पलीकडे हायवेवर गाड्यांचा आवाज फार असतो म्हणून एक दिवस तिनं इयरफोन आणले. एक तिनं आपल्या कानात घातला, दुसरा माझ्या हातात दिला. मी तिच्या उजवीकडे बसले होते. तिच्या बाजूचा, म्हणजे डावा कान. मी इयरफोन घातला आणि वाट पाहत राहिले.

"लाव ना," मी म्हटलं.

"लावलंय की."

"यात येत नाहीये. बिघडलाय हा."

तिनं तो माझ्याकडून घेऊन आपल्या कानात घालून पाहिला. "येतंय तर," म्हणाली आणि परत दिला. मी पुन्हा घातला. काही नाही. मग तिनं तिचा मला दिला. तोही मी डाव्याच कानात घातला. तोही मुका.

"दुसऱ्या कानात घाल बरं."

उजव्या कानात घातल्याबरोबर एका बाईचा आवाज आला. बारीक, पण आला.

मैत्रिणीनं माझ्या कानातला इयरफोन काढून घेतला. मग उठून माझ्या मागे गेली. मला वाटलं, टाकीखाली ठेवलेली पाण्याची बाटली आणायला गेली. ती परत समोर आली तेव्हा तिचा चेहरा बदलला होता.

"मी आत्ता काय म्हटलं?"

"तू कुठं काही म्हटलंस?"

"मी तुला हाका मारत होते," ती म्हणाली. "मागून. लय वेळा."

मी हसले. मला खरंच वाटलं, ती गंमत करतेय. तिनं तोंडावर ओढणी धरली आणि त्याआडून काहीतरी बोलली. ओढणी हलताना दिसत होती आणि मला फक्त एक पुसट गुणगुण ऐकू येत होती. तोवर मला माहीतच नव्हतं की मी माणसांच्या ओठांकडे बघते. मला वाटायचं, सगळ्यांनाच असं ऐकू येतं. समोरचा दिसत असला की नीट, नसला की थोडं कमी.

खाली जाऊन मैत्रिणीनंच आईला सांगितलं. आई कणीक मळत होती. तिचे हात परातीत तसेच राहिले. म्हणाली, "लहानपणी कान वाहायचा हिचा. लसणाचं तेल घालायचे मी. मग वाहायचा थांबला. मला वाटलं, बरा झाला."

आमच्या घरात हे कोणाच्या लक्षात आलं नाही याला एक कारण होतं. पप्पा अंबडच्या एका कारखान्यात मशीनवर होते. दिवसभर त्या धडधडाटात ओरडून बोलायची सवय, तेच घरीही. आईला पप्पांशी बोलायचं म्हणून तीही मोठ्यानंच बोलायची. आमच्या शेजारपाजाऱ्यांना वाटायचं, यांच्याकडे रोज भांडणं होतात. अशा घरात मला सगळं ऐकू यायचं. कधी हाक ऐकली नाही तर आई म्हणायची, "पुस्तकात डोकं घातलं की हिला जगाचं भान राहत नाही." तिला त्याचं कौतुकच होतं.

पप्पांनी अर्धी रजा टाकून मला कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. तिथं एका बंद खोलीत बसवून कानांवर मोठे हेडफोन लावले. आवाज आला की बटण दाबायचं. काचेपलीकडे तपासणारा मुलगा बसला होता, त्याचा हात हलला की मी बटण दाबायचे. थोड्या वेळानं त्याच्या ते लक्षात आलं. तो आत आला आणि माझी खुर्ची भिंतीकडे फिरवून गेला. त्यानंतर मी बटण फारसं दाबलंच नाही.

डॉक्टरांनी सांगितलं, डावा कान जवळजवळ गेलेला आहे, उजवाही पूर्ण नाही. डावीकडे ऐकण्याचं मशीन लावा आणि लवकर लावा. पप्पांनी पुण्याच्या परीक्षेचं सांगितलं तेव्हा म्हणाले, "दहावीला आहे ना? मी सर्टिफिकेट देतो. परीक्षेत हिला समोर बसून कोणीतरी वाचून दाखवेल. तशी सोय असते."

पप्पांनी मान हलवली. रात्री जेवताना म्हणाले, "सर्टिफिकेट नको."

आई म्हणाली, "का नको? तिच्या परीक्षेला उपयोग होईल."

"एकदा कागदावर आलं की ते निघत नाही. मुलीची जात आहे. उद्या स्थळं बघायला लागू तेव्हा आधी हेच विचारतील. आणि मशीनही आत्ता नको. लोकांना काय, लगेच दिसतं." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तू हुशार आहेस. इतकी वर्षं कोणाला कळलं का? आता एवढी एक परीक्षा निघून जाईल."

मी हो म्हटलं. पप्पांचा मला राग नाही आला, तेव्हा नाही आणि आताही पूर्णपणे येत नाही. दर रविवारी चहा प्यायला बाहेर पडले की माझ्यासाठी इंग्रजी पेपर घेऊन येणारे तेच होते. त्यांना त्यातलं अक्षर कळत नसे. तरी माझ्या शेजारी बसून, मी वाचलेलं पान उलटलं की तेही वाकून पाहायचे.

मग आमची तयारी वेगळ्या तऱ्हेनं सुरू झाली. मैत्रीण रेकॉर्डिंग ऐकायची आणि माझ्यासमोर बसून ते स्वतःच्या तोंडानं बोलून दाखवायची. मी उत्तरं लिहायचे, आणि मग तेच रेकॉर्डिंग उजव्या कानात ऐकायचे. काय बोललंय ते माहीत असलं की आवाज थोडा थोडा उलगडायचा. त्या बदल्यात मी तिला उतारे वाचायला शिकवायचे, अडलेल्या शब्दाचा अर्थ मागच्यापुढच्या वाक्यावरून कसा काढायचा ते. बोर्डाचे पेपर झाले, ऊन तापू लागलं, तरी आम्ही गच्ची सोडली नाही. त्या दिवसांत आम्ही दोघी पुण्याला एका खोलीत राहणार हे इतकं ठरलेलं होतं की खिडकीजवळची कॉट कोणाची यावरून भांडणही झालं होतं.

परीक्षा नाशिकमधल्याच एका कॉलेजच्या सभागृहात होती. आधी वाचनाचा पेपर. त्यातला एक उतारा मला अजून आठवतो. समुद्रातल्या एका बेटावर एकटी राहून पक्ष्यांची नोंद ठेवणाऱ्या बाईबद्दल होता. मी तो परीक्षा विसरून वाचला. उत्तरं लिहून झाली तेव्हा बरेचजण अजून पहिल्याच पानावर होते.

मग ऐकण्याचा पेपर. माझी जागा पार मागे, भिंतीशी. वर पंखे घरघरत होते. स्पीकर व्यासपीठाच्या दोन बाजूंना. पेपर सुरू करण्याआधी तिथल्या मॅडम माईकवरून काही बोलल्या आणि मग माईक बंद करून मधल्या वाटेनं आमच्यापर्यंत चालत आल्या, म्हणून मला त्यांचं बोलणं दिसलं.

"मागं नीट ऐकू येत नसेल तर पुढे येऊन बसा," त्या म्हणाल्या. "पुढच्या दोन रांगा रिकाम्याच आहेत."

सर्टिफिकेट मागितलं नव्हतं. कारण विचारलं नव्हतं. माझ्या रांगेतला एक मुलगा पॅड उचलून सरळ पुढे गेला. त्याच्यामागून दोन मुली गेल्या. त्यांचे कान ठणठणीत होते, त्यांना पुढे जायला काहीच वाटलं नाही. माझी मैत्रीण मधल्या रांगेत होती. तिनं मागे वळून माझ्याकडे पाहिलं आणि हातानं खूण केली, जा.

मी गेले नाही. मी उठले तर सगळ्या सभागृहाला कळेल, असं मला वाटलं. काय कळेल आणि कसं कळेल, हे आज सांगता येत नाही. पण त्या वेळी बाकाची कड मी दोन्ही हातांनी धरून बसले होते. मॅडमनी एकदा इकडेतिकडे पाहिलं आणि त्या परत गेल्या.

रेकॉर्डिंग सुरू झालं. सभागृहात आवाज घुमत होता. एक बाई आणि एक पुरुष कशाबद्दल तरी बोलत होते. मला 'स्टेशन' कळलं, 'मंगळवार' कळला. दुसऱ्यांदा ऐकवलं तेव्हा तेही निसटलं. मी अंदाजानं गोल काळे करत गेले.

बाहेर आल्यावर मैत्रीण मला म्हणाली, "पुढं का नाय गेलीस?"

"नीट ऐकू येत होतं," मी म्हटलं.

तिनं माझ्याकडे पाहिलं. माझ्याशी खोटं बोलू नकोस, असं ती म्हणू शकली असती. ती म्हणाली, "बाईंना सांगूया. त्या फोन करतील त्यांना. समोर बसवून परत घेतील तुझी."

"नको. पप्पांना कळलं तर त्यांना वाईट वाटेल."

निकाल आला तेव्हा वाचनात माझे गुण आमच्या केंद्रावर सगळ्यांत जास्त होते. बाई मला परत परत विचारत राहिल्या, "मग ऐकण्यात काय झालं? वर्गात तर तुझं कधी चुकत नव्हतं." मी म्हटलं, घाबरले. मैत्रिणीची निवड झाली. पुण्याला जायच्या आधी ती पेढे घेऊन आली, पण बॉक्स आईच्या हातात देऊन बराच वेळ दारातच उभी राहिली.

तिथं होस्टेलवर मोबाईल वापरू देत नसत. रविवारी ऑफिसातल्या फोनवरून ती मला फोन करायची. मला तिचं बोलणं समजायचं नाही, म्हणून आई फोन कानाला लावायची आणि मला सांगायची. "ती विचारतेय, तू काय वाचतेस." "ती म्हणतेय, तिथली भाजी गोड असते." आईच्या तोंडून आम्ही दोघी किती बोलणार? ज्या गोष्टी खरं तर बोलायच्या होत्या त्या आईसमोर बोलता येत नव्हत्या. फोन दर रविवारचा पंधरा दिवसांवर गेला, मग सणावाराला, मग थांबला. तिचा माझ्यावर राग नव्हता, माझाही तिच्यावर नव्हता. भांडण झालं असतं तर ते मिटवता तरी आलं असतं.

मी नाशिकलाच कॉमर्स केलं. आता पिंपळगाव बसवंतच्या एका द्राक्षांच्या पॅकहाऊसच्या ऑफिसात आहे. परदेशातल्या खरेदीदारांच्या मेल मी वाचते आणि उत्तरं लिहिते. फोन दुसरी मुलगी घेते. काम चांगलं आहे. साहेब म्हणतात, तुमच्यासारखं इंग्रजी इथं कोणाचं नाही. ते ऐकलं की त्या बेटावरच्या उताऱ्याची आठवण येते आणि दिवसभर कशात लक्ष लागत नाही.

स्थळं आली आणि गेली. कोणी कानाचं विचारलंही नाही, इतर कारणांनीच जमलं नाही. मागच्या वर्षी मी स्वतःच ठरवलं आणि कानाच्या दवाखान्यात गेले. पप्पा आता रिटायर झालेत, स्कूटरवरून तेच घेऊन गेले. ते स्कूटर लावायला जागा शोधत होते तेवढ्यात माझा नंबर लागला. डॉक्टर नवीन होत्या. त्यांनी सगळं तपासून मशीन लावून दिलं. आवाज आले. खूप आले. पण डाव्या बाजूनं कोणी बोललं की तो नुसता आवाजच यायचा, शब्द नाहीत.

"मेंदूची त्या कानाची सवय गेलीय," डॉक्टर माझ्यासमोर बसून सावकाश म्हणाल्या. "तेव्हाच लावलं असतं तर खूप फरक पडला असता. आता थोडासाच पडेल."

बाहेर आले तर पप्पा जिन्यापाशी उभे होते. माझ्या कानामागे पाहून त्यांनी नजर दुसरीकडे नेली, परत आणली.

"काय म्हणाल्या डॉक्टर?"

"सवय व्हायला वेळ लागेल म्हणाल्या."

पप्पांचा चेहरा सैल झाला. "होईल की मग," ते म्हणाले. "घाई कशाला." आणि जिना उतरताना कोणाला तरी सांगावं तसं पुन्हा म्हणाले, "बरं झालं लावलं ते." मी हो म्हटलं आणि त्यांच्या मागे उतरू लागले.