पेरूच्या रंगाचा डाग

नोकरीला लागलो त्या वर्षी उजव्या डोळ्याची खालची पापणी ओढली की आत एक गुलाबी डाग दिसायचा, लाल पेरूच्या गरासारखा. दुखत नव्हता, खुपत नव्हता. दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसून दुसरं काय होणार, असं ऑफिसातल्या सगळ्या बिनपदवीच्या नेत्रतज्ज्ञांनी सांगून टाकलं. रविवारी दुपारी आई डोळ्यांत गुलाबपाणी घालायची आणि कर्वेनगरच्या घरातल्या गच्चीलगतच्या खोलीत मी पडून राहायचो. मिटल्या पापण्यांमागे सगळं जग हळूहळू पेरूच्या रंगाचं व्हायचं. तो डाग मला चक्क आवडू लागला होता.

सहा महिन्यांनी डॉक्टरांनी पापणी ओढून पाहिली.

“पुस्तकात याला सॅल्मन माशाचा रंग म्हणतात. मी काही तो मासा पाहिलेला नाही,” ते म्हणाले. “दुखतं?”

“छे, अजिबात नाही,” मी ऐटीत म्हणालो.

त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. “दुखलं असतं तर बरं झालं असतं.”

तुकडा काढून तपासला, तर लिम्फोमा निघाला, म्हणजे कॅन्सरच. उपचारांनी डाग गेला, डोळा पांढराशुभ्र झाला. आई अजून रोज सकाळी विचारते, “कुठे दुखत नाही ना रे?”

“नाही” म्हणताना माझी जीभ अडखळते.