सातव्या घराची ठेच

आधीच सांगते, भूत, करणी, अंगात येणं यातलं काही मी मानत नाही. आमच्या घरात भिंतीवर बावीस प्रतिज्ञांची पाटी आहे आणि ती शोभेसाठी लावलेली नाही. वस्तीत कुणाच्या अंगात आलं की मी तिला पाणी देते आणि विचारते, जेवलीस का. बहुतेक वेळा जेवलेली नसते.

तरी हे लिहिते आहे, कारण जे झालं ते माझ्याच बाबतीत झालं आणि मी जेवलेली होते. मी चौथी शिकलेली. वहीत लिहिलं, माझ्या नातीने, तन्वीने, टाईप केलं. शब्द माझेच आहेत.

मी नाशिकला आडगावात राहते. द्राक्षांच्या हंगामात पिंपळगावकडच्या एका पॅकहाउसमध्ये घड साफ करायला जाते. कात्रीने सडके, बारके मणी काढायचे, बस. पॅकहाउसचं नाव सांगत नाही, मालक माणूस वाईट नाही.

मागे मला न्यूमोनिया झाला. डॉक्टरांनी छातीच्या व्यायामाला तीन गोळ्यांचं प्लास्टिकचं खेळणं दिलं... श्वास ओढून गोळ्या वर न्यायच्या. मला लाज वाटायची. तन्वीने हौसेने घेतलेला माउथ ऑर्गन कपाटात पडला होता, तो तिने मला दिला. म्हणाली, "आजी, यात फुंकायचं पण असतं आणि ओढायचं पण. व्यायाम होईल, वर गाणं येईल."

गाणं काही आलं नाही. सरळ सारेगम येईना. त्याच्या भोकांना मी घरं म्हणते. चौथ्या घरापासून सुरू करायचं. फुंकलं की सा, ओढलं की रे. पाचव्यात ग आणि म, सहाव्यात प आणि ध. फुंक, ओढ, फुंक, ओढ. सातव्या घरात मात्र उलटं आहे. तिथे आधी ओढायचं, मग फुंकायचं. का, ते बनवणाऱ्याला माहीत. माझं तोंड सवयीने फुंकायचं, आणि नी यायच्या आधीच वरचा सा येऊन आदळायचा. मग मी परत पहिल्यापासून.

जेवणाच्या सुट्टीत मी क्रेटच्या थप्पीमागे बसून वाजवायची. सातवं घर आलं की सोबतची रंजना ओरडायची, "आली ठेच." मग सगळ्या बायका, "आली ठेच." आमचा सुपरवायझर भाऊसाहेब ऑफिसातून म्हणायचा, "मावशी, ती पायरी दुरुस्त करून घ्या, माणूस पडंल एखादा."

"पडू दे," मी म्हणायची. "तूच पहिला पड."

त्या दिवशी माल कमी होता. दुपारी जेवणानंतर बायकांना घरी सोडणार होते. निघताना लक्षात आलं, माझी कात्री नाही. घरून आणलेली, मुठीला चिंधी गुंडाळलेली, दुसरीने माझा हात बसत नाही. ती क्रेटवर राहिली आणि क्रेट गेले कोल्ड रूममध्ये. पिशवी ऑफिसात दाराशेजारच्या खिळ्याला होती, तशीच राहू दिली. चपला बाहेर काढल्या, गमबूट घातले, आत गेले. कुणाला सांगितलं नाही. कात्री आणायला काय सांगायचं?

कात्री सापडली. दार मागे आपोआप लागलं होतं. आतून उघडायला एक गोल मूठ असते, ती दाबली. दबली नाही. खांदा लावून दाबली, तरी नाही. तेवढ्यात दिवा गेला. दिव्याचं बटण बाहेर आहे.

डोळ्यांपुढे बोट दिसेना. वर मोठे पंखे घोंघावत होते. मी दारावर कात्री आपटली, ओरडले. माझाच आवाज मला नीट ऐकू येईना. ते दार वीतभर जाड असतं. द्राक्षाच्या पेट्यांत औषधाचा कागद घालतात, त्याचा वास घशाला टोचत होता. मग डोकं चालू लागलं, ते चाललं नसतं तर बरं. बायकांना घरी नेणारी पिकअप निघून जाणार. त्या ड्रायव्हरशी माझं सारखं वाजतं, मी रागाने एसटीने जाते हे सगळ्यांना माहीत. कुणी शोधणार नाही. दार उघडणार उद्या सकाळी. माझ्या अंगावर सुती साडी आणि वर कामाचा शर्ट. उद्या सकाळी द्राक्षं ताजी राहतील, मी राहणार नाही.

छाती आवळली. श्वास आत जाईना, गेलेला बाहेर येईना. मी दाराला पाठ लावून खाली बसले. माउथ ऑर्गन पिशवीत, पिशवी खिळ्याला. पण श्वासाला काहीतरी वळण लावायला हवं होतं. म्हणून रिकामे हात ओंजळीसारखे तोंडावर धरले आणि मनात घरं मोजत सुरू केलं. फुंक, ओढ. पाचवं. फुंक, ओढ. सहावं. हात थोडा सरकवायचा... सातवं. आणि फुंकलं. हातात काही नाही, तरी चुकले. मला माझाच राग आला. परत पहिल्यापासून. परत चुकले. परत.

किती वेळ, सांगता येत नाही. आधी पायाची बोटं गेली, मग हाताची. शेवटी सहाव्या घरापर्यंत आले आणि पुढे हात सरकवायची ताकद राहिली नाही. तिथेच थांबले. झोप येत होती. चांगली वाटत होती ती झोप.

दार उघडलं. मी मागच्या मागे बाहेर पडले. भाऊसाहेबाने मला ओढून उन्हात नेलं, अंगावर पोती टाकली, गरम पाणी पाजलं. मग माणूस जिवंत आहे कळल्यावर करतात तसं ओरडायला लागला. "मावशी, आत बसून बाजा वाजवायचा असतो का? दार वाजवायचं सोडून?"

"कसला बाजा?"

"ऐकला ना मी. मघापासून तेच चाललंय. मला वाटलं, ड्रायव्हरशी भांडून थप्पीमागं बसल्या. म्हणलं वाजवू दे."

"मग उठलास कशाला?"

तो म्हणाला, "ठेच आली नाही म्हणून. वर चढलं आन् मधीच बंद पडलं. आता येईल ठेच, आता येईल, म्हणून वाट बघितली. नाय आली. मला कसंतरी झालं. उठून थप्पीमागं बघितलं तर कोण नाय. मग कोल्ड रूमपाशी तुमच्या चपला दिसल्या."

मी त्याला खिळ्यावरची पिशवी दाखवली. ती त्याच्या खुर्चीच्या डोक्यावरच होती. त्याने चेन उघडली, डबी काढली, डबीतून माउथ ऑर्गन काढला. मी हातात घेऊन पाहिला. वाजवल्यावर त्यात थुंकी साचते, झटकली तरी बराच वेळ ओल राहते. सकाळपासून मी तो वाजवलाच नव्हता. तो कोरडा होता.

भाऊसाहेब खुर्चीत बसला. दिवा त्यानेच बंद केला होता, हे त्याने मग आपणहून सांगितलं. मी म्हटलं, "लाईटचं बिल तुझा बाप भरतो का?" तो हसला नाही.

दुसऱ्या दिवशी मूठ बदलली. मी म्हटलं, आता खरं काय ते बघू. मी आत गेले, दार लावून घेतलं, रंजनाला बाहेर मुठीवर हात ठेवून उभं केलं. आत होता नव्हता तेवढा जोर लावून खराखुरा माउथ ऑर्गन वाजवला. भाऊसाहेब खुर्चीत कान देऊन. बाहेर आले तर दोघांनी माना हलवल्या. काही नाही. पंख्यांची घरघर, तीही दाराला हात लावल्यावर कळते तेवढी.

तन्वी म्हणते, त्याला भास झाला असेल. असेल. पण त्याला भास व्हायचा तर रोजच्यासारखा व्हावा, ठेचेसकट. मी सहाव्या घरात थांबले, हे त्याला कुणी सांगितलं? माझ्याशिवाय तिथे कुणी नव्हतं, आणि माझ्या हातात काही नव्हतं. मी पुष्कळ विचार केला. मला उत्तर सापडलेलं नाही आणि कुणी दिलेलं पटलेलं नाही. देवऋष्याकडे जा म्हणणाऱ्या दोघी होत्या, त्यांना मी चहा पाजून घालवलं.

तेव्हापासून संडासची कडी मी लावत नाही. दाराबाहेर बादली ठेवते, घरच्यांना कळतं. त्या दुसऱ्या दिवसानंतर कोल्ड रूममध्ये परत गेले नाही.

सातवं घर आता मला जमतं. घरी मी तिथे बरोबर ओढते, मग फुंकते. तन्वी टाळ्या वाजवते. पॅकहाउसमध्ये मात्र मी मुद्दाम आधी फुंकते. बायका म्हणतात, "आली ठेच." मी थप्पीच्या फटीतून ऑफिसकडे बघते. भाऊसाहेब जेवत असतो. ठेच आली की त्याचा थांबलेला घास तोंडात जातो.