उत्तर मुदतीत आलं

नेदरलँड्सच्या हार्लेम शहरातल्या आमच्या इमारतीच्या भाडेकरू संघाचे डच सचिव तळमजल्यावर राहायचे. मला 'मेव्राउ', म्हणजे बाई, म्हणायचे आणि मुद्दे बोटांवर मोजत बोलायचे. घरमालक कंपनीने इमारत पाडायचं ठरवलं तेव्हाही त्यांनी बोटं मोजली. "मेव्राउ, एक, आपला संघ मान्यताप्राप्त आहे. दोन, आपला सल्ला त्यांना घ्यावाच लागतो. तीन, तो मानला नाही तर लेखी कारणं द्यावी लागतात."

मी घरोघर जाऊन यादी केली. कोण आजारी, कोण एकटं, कोणाला जिना चढवत नाही. तिच्यावरून त्यांनी सहा पानी सल्ला लिहिला : पाडू नका, दुरुस्त करा.

उत्तर आलं. त्यांनी ते दोनदा वाचलं. मुदतीत होतं, सही होती, कारणंही होती. इमारत पाडणारच होते.

"आता?" मी विचारलं.

"आता काही नाही. त्यांनी नियम पाळलाय."

पत्राला भोकं पाडून त्यांनी ते फाइलला लावलं. त्याच्यामागे, पुढच्या कागदांसाठी म्हणून, 'दुरुस्तीची कामं' लिहिलेला जाड कागद त्यांनी आधीच लावून ठेवला होता. तो काढून त्यांनी माझ्या हातात दिला.

"मागची बाजू कोरी आहे, मेव्राउ. सामानाच्या यादीला होईल."