बुढापारा सलूनमध्ये नंबर लावा

दिवसभर कापलेले केस संध्याकाळी झाडून टाकले की दुकान चकाचक! पण खुर्चीत बसून लोक जे बोलून जातात, ते काही झाडूत येत नाही. ते साचतच जातं. आता एखाद्या नवीन माणसानं नुसतं "काय विनूभैया, कसं चाललंय?" विचारलं, की माझा पार्टनर फिरतू हसायला लागतो. त्याला माहीत असतं, ही दाढी आता लांबणार!

मी गोंदियाकडच्या रेल्वेवाल्या घरातला. फिरतू अस्सल छत्तीसगढी. बुढा तलावाच्या काठी झाडाला आरसा टांगून तो दाढ्या करायचा. रायपूर राजधानी झाली तेव्हा मी त्याला म्हटलं, "फिरतू, शहर बढ़ रहा है. मिलके दुकान डालते हैं."

तो म्हणाला, "हव!"

झाली पार्टनरशिप!

*

त्या दिवसांत ज्याला त्याला 'राजधानी' नावच हवं होतं. राजधानी भोजनालय, राजधानी टायर, राजधानी ड्रायक्लीनर्स! मीही पेंटरला तेच सांगत होतो. फिरतूनं मला थांबवलं. "राजधानी तो अभी आई है भैया. पारा कब से है!"

पटलं मला. पारा म्हणजे मोहल्ला, आणि आमचा मोहल्ला बुढापारा. नाव ठरलं, बुढापारा सलून.

पण पाटी निघाली अरुंद. पेंटरनं वर मोठ्ठं 'बुढा' लिहिलं आणि खाली बारीक अक्षरात 'पारा सलून'! मग काय, येईल तो म्हातारा. कॉलेजचे पोट्टे दारातून वाकून विचारायचे, "भैया, यहाँ सिर्फ बुजुर्गों का होता है क्या?"

मला टेन्शन! असं दुकान किती दिवस टिकणार? शेवटी त्याच पाटीखाली दुसरी पाटी ठोकली: 'जवानों का भी स्वागत है.'

ठोकून खाली उतरतो, तर समोर वझलवार काका. रेल्वेतून गार्ड म्हणून रिटायर झालेले, हातात काठी, डोक्यावर नावापुरते केस. मी अदबीनं म्हटलं, "या काका, तुमच्यासाठीच तर दुकान टाकलं."

काका भडकले! "मी खालची पाटी वाचून आलो बे!"

*

एका रविवारी गल्लीच्या तोंडाशी सरकारी गाडी थांबली. नवीन राजधानीत बदलून आलेले कोणी साहेब होते. ड्रायव्हर पुढे धावत आला. "साहब को जल्दी है. पहले साहब का कर दो."

मी गडबडलो. खुर्चीतल्या माणसाला उठवणारच होतो, तेवढ्यात बाकड्यावरून वझलवार काका बोलले, "काहून? साहेबाचे केस काय जास्त जोरानं वाढून राहिले?"

आता काय होते म्हणून मी दारात आलेल्या साहेबांकडे पाहिलं. साहेब हसले आणि काकांच्या बाजूला येऊन बसले. मग काय विचारता! नंबर येईपर्यंत पाऱ्यातल्या लोकांनी त्यांना नळाचं पाणी, तुंबलेली नाली, बंद पडलेला दिवा, सगळं सगळं ऐकवलं. आणि चमत्कार असा, की त्याच आठवड्यात दिवा लागला!

पुढच्या रविवारी दुकानात पाय ठेवायला जागा नाही! मी खूश. एकाला म्हटलं, "बसा, काय करायचं, कटिंग की दाढी?"

"नहीं नहीं भैया," तो म्हणाला, "दाढी घर से बनाके आया हूँ. मुझे बस साहब के बगल में बैठना है."

*

लग्नसराईत एकदा दोन्ही खुर्च्या भरलेल्या. माझ्या खुर्चीत गुढियारीचे एक गृहस्थ, दोन दिवसांवर मुलीचं लग्न. फिरतूच्या खुर्चीत बीरगावच्या कारखान्यातला एक पोट्टा, तोंडभर साबणाचा फेस.

गृहस्थ बोलायला लागले. "पोट्टा चांगला आहे हो. नोकरी आहे, घरचे चांगले आहेत. पण त्याची ती मिशी! फोटोत पाहिली तेव्हापासून मले झोप नाही."

फेसाआडून पोट्ट्याचे डोळे मोठे मोठे होत गेले. त्यानं आरशातून सासऱ्याला ओळखलं होतं! सासऱ्याला मात्र फेसात जावई दिसेना. पोट्ट्यानं हळूच फिरतूचं मनगट धरलं आणि पुटपुटला, "भैया, मूँछ भी निकाल दो."

गृहस्थ आटोपून गेले तेव्हा कुठे त्यानं आम्हाला सगळं सांगितलं. आम्ही हसून हसून बेजार! लग्नाला आवर्जून गेलो. सासरेबुवांचा चेहरा नुसता फुललेला!

काही दिवसांनी तोच पोट्टा दुकानात हजर. तोंड एवढंसं.

"क्या हुआ भाई? ससुरजी नाराज हैं क्या?"

"ससुरजी तो खुश हैं. लेकिन वो बोलती है, मैंने तो मूँछ देखके हाँ बोला था! भैया, जल्दी उगाने का कोई तेल है क्या?"

*

मध्ये वझलवार काकांना अर्धांगाचा झटका आला. दवाखान्यातून घरी आले, पण कोणाशी बोलत नव्हते. काकू दुकानात येऊन म्हणाल्या, "विनू, दाढी वाढली रे त्यांची. आरशात पाहूनच नाही राहिले."

मी सामान भरायला लागलो. फिरतू म्हणाला, "डब्बा नहीं भैया, कुर्सी ले चलो!" आणि खरंच आम्ही ती जड लोखंडी खुर्ची उचलली. कोणी पाय धरले, कोणी पाठ. गल्लीतून खुर्चीची वरातच निघाली!

काकांना खुर्चीत बसवलं, समोर आरसा धरला, गळ्याभोवती कापड बांधलं. सगळे दाराबाहेर चूपचाप उभे. काकांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि जिभेला जोर देत देत बोलले.

"बाकीचे... कुठं गेले? गप्पा नसल्या... तर कटिंग कायची!"

काकूंनी पदर डोळ्यांना लावला. आम्ही सगळ्यांना आत घेतलं.

*

मग आलं रस्ता रुंदीकरण. आमच्या दुकानाचा पुढचा भाग गेला. उरली ती जागा एका खुर्चीपुरती! त्या दिवशी मी ढिगाऱ्यापाशी बसलो आणि म्हटलं, "फिरतू, संपलं आपलं. तू दुसरीकडे पाहा."

समोरच्या घरातून साहू दीदी सगळं पाहत होत्या. त्या ओरडल्या, "काबर दुसरीकडे? मेरी परछी खाली पड़ी है!" परछी म्हणजे त्यांचा पुढचा ओसरा. दुपारपर्यंत फिरतूची खुर्ची तिथं लागलीसुद्धा!

तेव्हापासून आमचं दुकान रस्त्याच्या दोन्ही बाजूंना. मी इकडे, फिरतू तिकडे. इकडचं गिऱ्हाईक तिकडच्याशी ओरडून बोलतं. कात्री हवी असली की फिरतू रस्ता ओलांडून येतो. आरसा एका बाजूला, बाकडं दुसऱ्या बाजूला. गळ्यात कापड बांधलेली माणसं मधून ये-जा करत असतात.

एकदा असाच एक बाहेरगावचा कारवाला आमच्यामध्ये अडकला. पों पों पों! थांबायचं नावच घेईना. फिरतूनं वस्तरा पुसला, शांतपणे गाडीपाशी गेला, काचेवर टकटक केलं आणि म्हणाला,

"भैया, दुकान के अंदर हॉर्न नहीं बजाते!"