भाग एकतीस ते अडतीस

वागळे इस्टेटमधल्या रबरी वायसर बनवणाऱ्या एका कंपनीत अमृता साळवे बावीस वर्षं डिस्पॅचला होती. गेटबाहेर जाणाऱ्या मालाचा प्रत्येक कागद तीन प्रतींत आहे की नाही हे बघणं, हे तिचं काम. चलनाची झेरॉक्स काढा, गेटपासची झेरॉक्स काढा, बिलाची प्रिंट काढा, हा जप सकाळी नऊला सुरू व्हायचा. माघारी लोक तिला 'तीन कॉपी' म्हणत. तिला ते माहीत होतं आणि मनातून आवडतही होतं. अशा बाईने स्वतः लिहिलेल्या कादंबरीच्या एकशे चौसष्ट भागांची एकही प्रत ठेवली नव्हती, हे सांगून कोणाला खरं वाटणार नाही. पण तसंच होतं.

डबा खाऊन झाला की जेवणाच्या सुट्टीतली पंधरा-वीस मिनिटं उरत. तेवढ्यात ती मोबाईलवर 'गोष्टवेल' नावाच्या साइटच्या चौकटीत थेट टाइप करायची आणि घंटा व्हायच्या आत भाग टाकून मोकळी व्हायची. कादंबरीचं नाव 'लिफ्ट बंद आहे'. डोंबिवलीतली सात मजल्यांची सोसायटी, तिच्यातली भांडणं, आणि सगळ्यांची लफडी माहीत असलेला लिफ्ट मेकॅनिक महिपत. हा महिपत म्हणजे तिचा नवरा रत्नदीप, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. रत्नदीप खरोखरच लिफ्टचं काम करायचा आणि तोंडाला कुलूप नसलेला माणूस होता. पहिले दहा भाग वाचून त्याने विचारलं होतं, "मी एवढं बोलतो?"

"याच्या दुप्पट. मी कापते," अमृता म्हणाली होती.

चार वर्षांपूर्वी रत्नदीप एकोणीस दिवस हॉस्पिटलमध्ये होता आणि तिथूनच गेला. त्या एकोणीस दिवसांतही त्याने बडबड सोडली नाही. महिन्याभराने अमृता कामावर रुजू झाली आणि पहिल्याच जेवणाच्या सुट्टीत लिहायला बसली. ओळीने आठ भाग, एकतीस ते अडतीस. महिपत हॉस्पिटलमध्ये जातो, सिस्टरना हसवतो, बायकोला छळतो आणि जातो. रत्नदीप त्या दिवसांत जे जे बोलला होता ते सगळं तिने जसंच्या तसं तिथे उतरवलं. त्यानंतर तिने ते भाग एकदाही उघडले नाहीत. तेवढी हिंमत नव्हती. पण ते तिथे आहेत, हे तिला पुरत होतं.

आणि एका रविवारी सकाळी साइटवर सूचना आली की गोष्टवेल बंद होत आहे. 'लेखकांनी पंधरा दिवसांत आपापलं लिखाण काढून घ्यावं, ही विनंती.'

अमृताने चहा बाजूला ठेवला. सगळ्यात आधी कुठले भाग वाचवायचे, हा प्रश्नच नव्हता. तिने भाग एकतीस उघडला. खाली दोन बटणं होती, 'बदला' आणि 'काढा'. बदलायचं तर काहीच नव्हतं. तिने 'काढा' दाबलं. 'नक्की काढायचं?' असं साइटने अदबीने विचारलं. 'हो.' 'काढलं.' किती सोपं, असं म्हणत तिने अडतीसपर्यंत सगळे काढले आणि ते मोबाईलमध्ये कुठे जाऊन बसलेत ते शोधायला लागली.

तिची मुलगी उर्वी समोरच पोहे खात होती. चोवीस वर्षांची ही मुलगी फिजिओथेरपिस्ट होती, त्यामुळे दुसऱ्याला कळ लागेल असंच बोलायची तिला सवय होती. तिने मोबाईल हातात घेतला आणि पोह्यांची बशी बाजूला सारली.

"आई, तू डिलीट केलेस."

"डिलीट कशाला करू? काढले मी."

"काढा म्हणजे डिलीटच ना यार! काढून टाका!"

"अगं, झेरॉक्स काढतो तेव्हा कागद फाडतो का आपण? फोटो काढतो तेव्हा माणूस गायब होतो?"

 याचं उत्तर मराठी भाषेकडेही नसावं. त्यांनी साइटला मेल केला. दोन दिवसांनी उत्तर आलं, 'काढलेलं लिखाण परत आणता येत नाही. तसदीबद्दल क्षमस्व.'

उरलेले एकशे छप्पन्न भाग उर्वीने आठवड्याभरात एकेक करून उचलले आणि लॅपटॉपवर, पेनड्राइव्हवर आणि मेलवर ठेवले. "तीन ठिकाणी आहेत, खूश?" तिने विचारलं. अमृता हो म्हणाली, पण ती खूश नव्हती. जेवणाच्या सुट्टीत ती ते आठ भाग आठवून लिहायला बघत होती. कोण आलं, कोण गेलं, डॉक्टर काय म्हणाले हे सगळं आठवत होतं. पण महिपतने तोंड उघडलं की तो शोकसभेत भाषण केल्यासारखा बोलायचा. रत्नदीप जन्मात असा बोलला नसता. माणूस तर गेलाच होता, आता त्याचं बोलणंही आपण आपल्या हाताने पुसलं, याचं तिला फार म्हणजे फार वाईट वाटत होतं. डब्यातली पोळी तशीच परत यायला लागली.

साइट बंद व्हायला चार दिवस असताना उर्वीनेच तिला साइटवर लिहायला लावलं, 'लिफ्ट बंद आहे, भाग ३१ ते ३८ कोणी उतरवून ठेवले असतील तर कृपया कळवा.' खाली लगेच तीन अंगठे आणि एक रडका चेहरा आला. संध्याकाळी एक ओळ आली, 'माझ्याकडे आहेत. वहीत. येऊन घेऊन जा. र. गोडांबे, कल्याण.' खाली पत्ता होता.

वहीत म्हटल्यावर अमृताला धीर धरवेना. शनिवारी अर्धी रजा टाकून ती उर्वीला घेऊन बसने निघाली. शीळफाट्याला बस पाऊण तास जागची हलली नाही. तेवढ्या वेळात तिने उर्वीला चार वेळा विचारलं की वही कोणी रद्दीत तर घातली नसेल ना.

रखमाबाई गोडांबे निवृत्त शिक्षिका निघाल्या. पंचाहत्तरीच्या, ताठ, आणि कानामागे लाल पेन. दर दुपारी त्यांच्या पुढच्या खोलीत आसपासच्या सात-आठ बायका जमत आणि बाई त्यांना कादंबरी वाचून दाखवत. मोबाईलच्या काचेने डोळ्यांना पाणी येतं म्हणून त्या आधी प्रत्येक भाग शंभर पानी वहीत टपोऱ्या अक्षरात उतरवायच्या. अशा अकरा वह्या होत्या.

"तुमचं शुद्धलेखन सुधारलं आहे," बाईंनी आधीच बजावलं. "ऱ्हस्व-दीर्घाची तुम्हाला अजिबात पर्वा नाही."

अमृताने तिसरी वही उघडली. भाग एकतीस. आणि तिसऱ्याच ओळीला तो बोलायला लागला. 'सिस्टर, तुमच्या लिफ्टचं दार मिटताना कण्हतंय. माझ्याआधी त्याला ॲडमिट करा.' ती खुदकन हसली. मग वाचतच गेली. पान उलटलं की रत्नदीप पुढे आणखी काहीतरी बोलत होता. त्याचा एकेक शब्द तिथे होता, लाल पेनाने त्याच्या वेलांट्या सुधारलेल्या होत्या, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं ते तिने पुसलंही नाही. उर्वी तिच्या खांद्यावरून वाचत होती. "पप्पाच आहेत गं," ती म्हणाली.

भाग सदतीस संपला. अमृताने श्वास धरून अडतीस उघडला. त्यात महिपतला डिस्चार्ज मिळाला होता.

तिने पान मागे उलटलं, पुढे उलटलं. महिपत घरी आला होता, मटण खाल्लं होतं आणि एका मोठ्या बोटीवर लिफ्ट सांभाळायच्या नोकरीला लागला होता.

"बाई, हे..."

गोडांबेबाई पहिल्यांदाच जरा ओशाळल्या. "मला तो भाग वाचून दाखवता येईना हो. वाचायला घेतला आणि मलाच रडू आलं. या बायका तर त्याच्यासाठीच यायच्या. म्हटलं, यांना काय सांगू? मग मीच लिहिला. बोटीवर लिफ्ट असते, मी विचारून घेतलं होतं. आधी दुबईला पाठवणार होते, पण दुबई जवळ पडते. वरचेवर सुट्टीला यावं लागलं असतं."

"आणि पुढचे सगळे भाग?" उर्वीने विचारलं. "त्यात तर तो मेलेला आहे!"

"कुठे? तुझ्या आईने सगळीकडे 'महिपत गेल्यावर' असंच लिहिलं आहे. गेल्यावर म्हणजे बोटीवर. मला एक अक्षर बदलावं लागलं नाही."

उर्वी हसत सुटली. अमृता हसावं की रागवावं या पेचात असताना बायका एकेक करून आत आल्या, कारण चार वाजत आले होते. लिहिणारी बाई हीच, असं कळल्यावर त्यांनी तिला मधोमध बसवलं. सगुणाबाई म्हणून त्यांच्यातल्या सगळ्यात वयस्कर होत्या, ऐकायला कमी यायचं म्हणून मोठ्याने बोलायच्या. त्यांनी अमृताचा हात धरला.

"काय गो, त्या महिपतला सुट्टी कधी देतेस? चार वर्सं झाली. बायको बिचारी एकटी हाय घरात."

 गोडांबेबाई पेनाच्या टोपणाकडे बघायला लागल्या. महिपत म्हणजे हिचाच नवरा, हे त्यांना समजलं असावं. सगळ्या बायका उत्तराची वाट बघत होत्या. गेल्या चार वर्षांत रत्नदीपबद्दल अमृताला विचारणारा प्रत्येक माणूस आवाज खाली आणून विचारायचा. ही म्हातारी ओरडून विचारत होती, आणि तो येणार याबद्दल तिला तिळमात्र शंका नव्हती.

"पत्र येतं त्याचं," अमृता म्हणाली.  "मोठी पत्रं लिहितो. बडबड्या आहे ना."

"मग वाच की!" सगुणाबाई म्हणाल्या.

"पुढच्या शनिवारी आणते."

परतीच्या बसमध्ये तिसरी वही तिच्या मांडीवर होती. उर्वीने सगळ्या पानांचे फोटो काढले, मोजले, पुन्हा मोजले. मग विचारलं, "आई, अडतिसावा कुठला ठेवायचा? बाईंचा की तू आठवून लिहिशील तो?"

"बाईंचा."

"पण खरं तसं नाही झालेलं."

"खरं झालं तेव्हा मी तिथेच होते. ते एकदा झालं तेवढं पुरे," अमृता म्हणाली आणि मोबाईल काढून टाइप करायला लागली. भाग एकशे पासष्ट. बोटीवरून महिपतचं पत्र. पहिल्याच ओळीत तो कप्तानाशी भांडत होता, आणि तिला त्याला कुठे कापावं ते कळत नव्हतं.