आठ किलो वाळू

कोथरूडच्या आमच्या सोसायटीमागे जी टेकडी आहे, तिला नुसतीच टेकडी म्हणणाऱ्यांनी ती एकदा मार्चमध्ये मागच्या अंगाने चढून पाहावी. गवत वाळून पिवळं झालेलं असतं, माती सुटलेली असते, आणि पायाखाली मुरूम मोहरीसारखा सरकतो. गिरिपुष्पाला गुलाबी फुलोरा आलेला असतो, पण तो बघायला मान वर केली की पाय घसरलाच. माझी रोजची फेरी म्हणजे ही खडी चढण, मग माथ्यावरून सरळ चाल, आणि पलीकडच्या सोंडेवरून तितकाच खडा उतार. फेरी संपायची ती पुन्हा सोसायटीच्या फाटकाशी.

त्या वर्षी मी अठ्ठेचाळीस वर्षांची होते आणि मे महिन्यात हिमालयातल्या एका ट्रेकला जाणार होते. बँकेत सगळ्यांना सांगून झालं होतं, त्यामुळे माघार घ्यायची सोय उरली नव्हती. ट्रेकवाल्यांनी सरावाचा तक्ता पाठवला होता. पाठीवर आठ किलो वजन घेऊन रोज चढायचं आणि उतरायचं, आणि लागलेली वेळ लिहून ठेवायची.

आमच्या खालच्या मजल्यावर एक काका राहायचे. निवृत्त ड्राफ्ट्समन, एकटे, माझ्याहून पंचवीस वर्षांनी मोठे, तरी मला अहो-जाहो करणारे. त्यांनी माथ्यावर, जुन्या खाणीच्या अलीकडे, सात झाडं लावली होती. दोन बहावे, दोन आपटे, एक कडुनिंब, एक वावळ आणि एक करंज. प्रत्येकाला दगडांचं आळं आणि काट्यांचं कुंपण. दोन वर्षं हा माणूस बाटल्या भरून पाणी वर नेत होता. फेब्रुवारीत त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. मी भेटायला गेले तेव्हा त्यांनी जरा संकोचतच विषय काढला.

"दोन उन्हाळे काढलेत त्यांनी," ते म्हणाले. "हा तिसरा निघाला की ती आपली आपण जगतील. तुम्ही रोज वर जाताच, म्हणून विचारतो."

मी हो म्हटलं. नुसतं हो म्हणून थांबले असते तरी बरं झालं असतं. मी म्हटलं, त्यात काय काका, वजन तर मला न्यायचंच आहे. पाणी काय नि दुसरं काय. काकांना ही युक्ती फार आवडली.

पहिले दहा-बारा दिवस मी आठ लिटर पाणी सॅकमध्ये भरून नेलं आणि प्रत्येक आळ्यात मोजून ओतलं. मग दोन गोष्टी मला खटकायला लागल्या. झाडं वाटेपासून आत होती, त्यामुळे रोज बारा-पंधरा मिनिटं जायची आणि वहीतली वेळ बिघडायची. शिवाय पाणी ओतलं की सॅक रिकामी. उतरताना पाठीवर वजनच नाही, आणि ट्रेकवाल्यांचं म्हणणं असं की खरी परीक्षा उतरतानाच असते. सोसायटीत दुरुस्तीचं काम चालू होतं. तिथली वाळू मी दोन पिशव्यांत भरली, वजन करून आठ किलो केली आणि सॅकमध्ये टाकली. पाणी रविवारी नेऊ, असं ठरवलं. रविवारी लांबची फेरी असायची, म्हणून ते बुधवारवर गेलं. बुधवारचं काय झालं ते आठवत नाही.

फेरी संपवून आले की काका गॅलरीत खुर्चीवर, पाय स्टुलावर ठेवून बसलेले असायचे. रोज एकच प्रश्न, "काय म्हणतात मंडळी?" मी म्हणायचे, मजेत आहेत. खोटं बोल पण रेटून बोल, या न्यायाने पुढे मी तपशीलही पुरवायला लागले. आपट्याला पालवी फुटलीय, असं मी एकदा सांगितलं. तेवढ्यात काकांना त्यांच्या मुलीचा फोन आला आणि त्यांनी तिला ही बातमी दिली, माझ्यासमोर, माझं नाव घेऊन. मी वर जाऊन अंघोळ केली आणि बँकेत गेले. त्या दिवशी तरी संध्याकाळी पाणी घेऊन जावं, एवढंही मला सुचलं नाही.

पाडव्यानंतर एकदा मनाला फारच टोचायला लागलं म्हणून वाट सोडून आत गेले. आपट्याची काडी मोडून पाहिली. आतून हिरवी नव्हती, कटकन तुटली. दुसऱ्या दिवशी वाळू काढून आठच्या आठ लिटर पाणी नेलं आणि सगळ्या आळ्यांत ओतलं. मेल्यावर तोंडात गंगाजल घालावं तसं ते होतं, आणि मला ते कळतही होतं. तिसऱ्या दिवशी मी पुन्हा वाळू भरली.

एप्रिलच्या मध्याला काकांना डॉक्टरांनी चढायची परवानगी दिली. खरं तर परवानगी सपाटीवर चालायची असावी, पण काका ऐकणारे नव्हते. मी सोबत येते म्हटलं. खाली फाटकाशीच खरं सांगून टाकायला हवं होतं. त्याऐवजी मी सरावाचा दिवस बुडू नये म्हणून वाळूची सॅक पाठीला लावली. काकांनी स्वतःच्या पिशवीत दोन बाटल्या घेतल्या होत्या. दर वीस पावलांवर थांबत, काठी रोवत, ते वर पोचले.

तिथे ते आळ्यांकडे वळले. एकेका झाडापाशी गेले, काडी मोडून पाहिली, पुढे गेले. सहा मेली होती. करंजाला बुंध्याशी चार पानं होती. दोन्ही बाटल्या त्यांनी त्यालाच घातल्या. मला तिथून पळून जावंसं वाटलं. यंदा ऊन फारच होतं, असं मी म्हटलं.

"हो ना," काका म्हणाले.

उतरताना माझाच पाय मुरमावरून सुटला आणि मी बसकण मारली. सत्तरी उलटलेल्या, ऑपरेशन झालेल्या माणसाने मला हात दिला. उठवताना त्यांनी सॅकचा पट्टा धरला आणि ते थबकले. एवढं जड काय आहे, असं त्यांनी विचारलं. मी वाळू म्हणून सांगितलं. त्यांना नीट ऐकू आलं नाही असं वाटलं म्हणून परत सांगितलं, आणि मग वजन घेऊन उतरण्याचा सराव, गुडघे, ट्रेकचा तक्ता, सगळंच सांगत सुटले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"किती किलो?"

"आठ."

"रोज?"

मी मान हलवली. ते पट्टा सोडून पुढे निघाले. खाली त्यांच्या दाराशी पोचल्यावर मी म्हटलं, काका, माझं चुकलं. त्यांनी मानेनेच बरं म्हटलं आणि कुलूप उघडायला लागले.

ट्रेक छान झाला. उतरताना माझे गुडघे अजिबात दुखले नाहीत. सगळे विचारत होते, एवढी तयारी कशी केलीत. ट्रेकवाल्यांचा तक्ता, असं मी सांगायचे.

मेअखेरीला परतले त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी काका काठी घेऊन निघालेले दिसले, हातात एकच छोटी बाटली. मी धावत घरी जाऊन सॅकमध्ये आठ लिटर पाणी भरलं आणि त्यांना चढणीवर गाठलं. पाणी आणलंय, म्हटलं, आता रोज मी आणत जाईन.

"नको," काका म्हणाले. "तुमचा सराव बुडेल."

ट्रेक झाला काका, असं मी सांगितलं. ते बरं म्हणाले आणि चालू लागले. मी त्यांच्या मागे मागे वर गेले. त्यांनी करंजाच्या आळ्यात बाटली रिकामी केली. पाणी काठोकाठ आलं आणि हळूहळू मुरलं. त्या एका झाडाला तेवढं पुरत होतं. मी भरलेली सॅक पाठीवर घेऊन तिथेच उभी होते, आणि ते पाणी ओतायला दुसरं जिवंत झाड नव्हतं.